माकुळाची ओढ

१ नोव्हेंबर

काल अंगणवाडीतून निवृत्त झाले. निरोपाला सुपरवायझर बाईंनी साडी, नारळ आणि ही डायरी दिली. डायरी याच सालची आहे, म्हणजे दहा महिने कोरेच गेलेत. बाई म्हणाल्या, "राजाबाई, जन्मभर दुसऱ्यांच्या लेकरांची वजनं लिहिली. आता स्वतःचं काहीतरी लिहा." काय लिहावं ते कळेना, म्हणून कुटुंब-पाहणीत लिहायचे तसंच लिहिते.

कुटुंबप्रमुख सूर्यभान. मूळ गाव पिशोर. आधी मेंढरं, मग चिकलठाण्याला एका कंपनीत वॉचमन, आता घरीच. पत्नी राजाबाई, म्हणजे मी. मुलगा बिरू, वेल्डर, मुक्काम ओमान, लग्न व्हायचंय. घर शहरात, गारखेड्यात. दोन खोल्या, वर गच्ची.

एक गोष्ट रजिस्टरात लिहिता आली नसती. ह्यांचं हृदय थकलंय. घाटी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. बिरूला मी कळवणार नाही. पोरगं इतक्या लांब, दिवसभर आगीपाशी काम. चित्त थाऱ्यावर नसलं तर हात भाजून घेईल.

संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाजामागं कसला तरी घोंगाट होता.

"माय, समुद्र आहे तो. कंपनीनं आमचा कॅम्प इकडं हलवला. आज मी माकूळ धरलं."

"ते काय असतं?"

"मासाच समज. पण काटा नाय, खवलं नाय. डोक्यालाच पाय, ते बी लई. इब्राहिमभाईनं शिकवलं."

इब्राहिमभाई म्हणजे त्याच्या खोलीतला रत्नागिरीकडचा माणूस, वयानं मोठा. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मेंढक्याचं पोर अन् मासे धरतंय." पण हसले. लई दिवसांनी हसले.

७ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

बिरूनं माकुळाचा फोटो पाठवला. जुन्या पेपरावर चार-पाच पडलेली, पांढरी, अंगावर तांबूस ठिपके, आणि डोळे माणसासारखे. शेजारच्या वच्छलाबाई फराळाचं ताट घेऊन आल्या होत्या, त्यांना दाखवला. त्यांनी तोंडाला पदर लावला. "अगं बया, हे खातात? दिवाळीचं?"

मी म्हणाले, ज्याची त्याची आवड.

नंतर इमोवरच्या व्हिडिओ कॉलमध्ये त्याचं तोंड दिसलं. गाल बसलेत. मी विचारलं तर म्हणाला, खारी हवा माणसाला उतरवते. असेल. मी समुद्र पाहिलेला नाही. मागच्या दिवाळीला त्यानं कंपनीच्या मेसमधली जिलेबी दाखवली होती. यंदा विचारलं तर म्हणाला, "यंदा मेसचा आचारी गावी गेला."

हे बाजूला बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "त्याच्या अंगात गेल्या वेळचाच शर्ट होता."

"आवडीचा असेल," मी म्हणाले.

१५ नोव्हेंबर

नळाला पाणी आलं, त्यात सकाळ गेली. दुपारी बिरूचा फोन. या वेळी ड्यूटी असते, पण म्हणाला सुट्टी आहे. मी म्हणाले, मला नीट सांग ते कसं धरतात. मला आता वेळच वेळ आहे, आणि तो या विषयावर बोलायला लागला की लवकर फोन ठेवत नाही. म्हणून विचारते, हे खरं कारण.

त्यानं सांगितलं ते असं. माकुळाला साधा गळ चालत नाही. झिंग्यासारखं दिसणारं एक खेळणं असतं, वर रंगीत कापड चढवलेलं. त्याला जिग म्हणतात. आमिष लावायचं नाही, ते खेळणं हेच आमिष. शेपटीला वर वळलेल्या सुयांचं कोंडाळं असतं. काठीनं ते लांब फेकायचं आणि बुडू द्यायचं. तळाला लागायच्या आत काठीला वर दोन झटके द्यायचे. झिंगा दचकून उडाला असं माकुळाला वाटतं. मग हात थांबवायचा. अजिबात हलायचं नाही.

"झटक्याला कुणी घावत नाय, माय. थांबल्यावर घावतं. झिंगा दमून खाली चालला असं वाटलं की ते येऊन मिठी मारतं."

"मग कळतं कसं?"

"दोरीवर कुणी ओली चादर टाकावी तसं जड होतं. तवा हिसका द्यायचा नाय. सुयांना उलटा काटा नसतो, ढील पडली की सुटलंच. एका चालीनं गुंडाळत आणायचं."

हे शेजारी आडवे होते. मला वाटलं झोपलेत. डोळे मिटूनच म्हणाले, "विचार त्याला, नाय घावलं त्या दिवशी काय करतो."

मी विचारलं. बिरू हसला. "मंग काय, घरी जातो."

२३ नोव्हेंबर

आज पौर्णिमा. बिरूनं आधीच विचारलं होतं, पौर्णिमा कधी, अमावस्या कधी. चांदणं पडलं की माकुळं पाणीभर पांगतात. अंधार असला की धक्क्यावरच्या दिव्याखाली गोळा होतात. उजेडाला बारीक मासळी येते, तिच्यामागं ती. म्हणून उजेडात फेकायचं नाही, उजेड संपतो त्या कडेला फेकायचं, ती सावलीत दबा धरून असतात.

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघून सगळ्या तिथी सांगितल्या. बरं वाटलं. इतक्या लांबून लेकराच्या कामाला आले.

दोन दिवस काही घावलं नाही म्हणाला. आवाज बारीक होता. मी म्हणाले, "नाही घावलं तर नाही, हौसेची गोष्ट आहे, जीवाला कशाला लावून घेतो?" तो मग म्हणाला, "व्हय माय, हौसच की."

२ डिसेंबर

हे रोज पहाटे गच्चीवर जातात. डॉक्टरांनी जिना चढू नका सांगितलंय. मी दूध आणायला आणि तशीच पुढं मारुतीच्या देवळात जाते, तेवढ्यात हे वर. आज मी लवकर परतले तर जिन्यात आवाज आला. फोनवर हळू बोलत होते. "घाई करू नको. अंगावर घेऊ नको. वारं पाठीला आहे का?" मला बघून फोन खिशात टाकला.

"कुणाशी बोलत होता?"

"बद्रीनाथ."

बद्रीनाथ हा ह्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा, पिशोरलाच असतो, शेती आणि थोडी मेंढरं बघतो. वाऱ्याचं त्याला काय विचारता, असं मी म्हणाले, तर म्हणे तो औषध फवारतोय. डिसेंबरात कसली फवारणी? गावाकडं जमिनीचं काहीतरी चाललंय आणि मला सांगत नाहीत. हृदयाला असला ताण बरा नाही, पण तेही मला त्यांना सांगता येत नाही, कारण हृदयाचं किती बिघडलंय ते मी त्यांनाही पूर्ण सांगितलेलं नाही. सगळ्यांचं सगळं माझ्याच पोटात.

७ डिसेंबर

अमावस्या. बिरूला भरपूर घावली. फोनवर पाठीमागं माणसं हसत होती. एक माकूळ ओढून आणलं की त्याच्या संगतीची पाठोपाठ काठापर्यंत येतात. म्हणून धरलेलं लगेच उचलायचं नाही, थोडा वेळ पाण्यात तसंच ठेवायचं. जोडीदारानं बाजूला जिग टाकायचा, मागून आलेलंही मिळतं. आणि वर काढण्याआधी त्याला पाण्यातच शाई टाकू द्यायची, नाहीतर कपडे काळे होतात.

मला ते ऐकून कसंतरी झालं. संगतीचं धरलं गेलं म्हणून मागं येतात आणि स्वतःही जातात. ह्यांना सांगितलं. म्हणाले, "मेंढरूबी तसंच. एक ओढ्यात पडलं की कळप उतरतो." मग म्हणाले, "अंड्यावरची असली तर सोडून दे म्हणावं. पण नको, नको सांगू. खाऊ दे."

बिरू शेवटी म्हणाला, "आज पोट भरलं, माय." म्हणजे मन भरलं.

१३ डिसेंबर, चंपाषष्ठी

सकाळी खंडोबाची तळी उचलली. वांग्याचं भरीत, रोडगे, पातीचा कांदा. बिरूचा फोन आला तेव्हा मी नैवेद्य दाखवत होते. काय काय केलं विचारलं. सांगितलं. मग म्हणाला, "भरीत कसं केलं?"

"नेहमीसारखंच."

"तरी सांग."

वांगी गोवऱ्यांत भाजली, साल काढली, शेंगदाणे घातले, मिरची-लसणाची फोडणी दिली. तो ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "रोडग्याला तूप किती?" तेही सांगितलं. मग परत म्हणाला, "भरिताचं परत एकदा सांग." मला हसू आलं. लहानपणी हा वांग्याला हात लावत नव्हता.

ह्यांनी नैवेद्याचा रोडगा मोडून तोंडात घातला आणि तसाच धरून बसले. गिळेनात. मी घाबरले, पाणी दिलं.

२८ डिसेंबर

आज घरात भांडण झालं. बिरूचा पाय कापलाय. जिग खडकात अडकला, म्हणून हा कमरेएवढ्या पाण्यात उतरला, खडकाला धारदार शिंपल्यांची कालवं चिकटलेली असतात, त्यांनी तळवा फाटला. आता मला कळलं की जिग तळाला टेकू देऊ नये असं तो सारखं का सांगायचा.

मी म्हणाले, "अरे, एवढ्याशा खेळण्यासाठी? दुसरं घेता येत नव्हतं?"

"आवडता आहे तो," म्हणाला. "गुलाबी. सगळ्यांत तोच चालतो."

फोन ठेवल्यावर मी ह्यांना म्हणाले, पोरगं वेडं झालंय माकुळापायी. त्यावर हे एकदम चिडले. माझ्यावर कधी आवाज चढवत नाहीत.

"वेडं नाय झालं. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही तरोट्याची भाजी रोज खाल्ली. सकाळी तरोटा, रात्री तरोटा. लोक म्हणायचे काय, पोराला तरोटा आवडतो. माणूस रोज एकच जिन्नस खातो ना राजा, तवा ती हौस नसती."

"म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?"

माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "काय नाय. माझं डोकं दुखतंय." आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

आजारानं माणूस चिडचिडा होतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी मनावर घेतलं नाही. वच्छलाबाईसुद्धा काल विचारत होत्या, "ड्यूटी नाय का त्याला? बघावं तवा मासे." त्यांचा मुलगा घरीच बसून असतो, म्हणून असलं सुचतं.

६ जानेवारी

साल संपलं, पण या डायरीतले सुरुवातीचे महिने कोरे आहेत, ते आता वापरते. छापलेले वार जुळत नाहीत, चालेल.

ह्यांना तीन दिवस घाटीत ठेवलं होतं. पाय सुजले, धाप लागते. काल स्वतःच डॉक्टरांना म्हणाले, घरी सोडा. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं आणि सोडलं.

बिरूला सांगितलं की आम्ही देवगाव रंगारीला लग्नाला गेलो होतो, म्हणून फोन उचलला नाही. तो म्हणाला, "बरं." मग म्हणाला, "बाबांच्या पायाची सूज उतरली का?"

"कसली सूज? तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाय. प्रवासात सुजतात ना बाबांचे पाय."

खरंय, लांबच्या प्रवासात सुजायचे. तरी मला वच्छलाबाईंचा संशय आहे. त्यांच्याकडं बिरूचा नंबर आहे. आता त्यांच्यासमोर जपून बोलायला पाहिजे.

१२ जानेवारी

आज मी बिरूला म्हणाले, उन्हाळ्यात महिनाभर ये, मुलगी बघून ठेवते. ह्यांनी मध्येच फोन मागितला. मला वाटलं बापलेक आता लग्नाचं बोलतील. हे म्हणाले, "बिरू, ओढ लागली की ढील देऊ नको. एका चालीनं ये." एवढंच बोलून फोन मला परत दिला.

माकुळाच्याच गोष्टी. मी दोघांवरही रागावले.

२४ जानेवारी

हे गेले. शनिवारी. सकाळी गच्चीवरून उतरले, खाटेवर बसले, मला म्हणाले, दार उघडं ठेव, वारं येऊ दे. मी दार उघडून वळले, तेवढ्यात.

लिहिता येत नाही. पण न लिहूनही बसवत नाही.

पिशोरला नेलं. बिरूची वाट बघायची का, असं सगळे विचारत होते. मीच त्याला फोन लावला. म्हणाले, "बाबा गेले रे. विमान कधीचं मिळेल?" तो मग म्हणाला, "माय, मला येता येत नाय."

"कंपनीला सांग ना, बाप गेलाय. कोण सोडणार नाही?"

त्याच्या हातातून इब्राहिमभाईनं फोन घेतला. त्या माणसाशी मी पहिल्यांदाच बोलत होते.

"ताई, मी सांगतो. कंपनी राहिली नाही. गणपतीनंतर मालक पळाला. पासपोर्ट त्याच्याकडंच. कॅम्पची लाईट तोडली, मेस बंद. आम्ही इथं आठजण आहोत. मशिदीतून तांदूळ मिळतो. समुद्रात संध्याकाळी जे घावतं ते त्याच्याबरोबर खातो. तुमचं पोरगं सगळ्यांत चांगलं धरतं. त्याच्यावर आम्ही जगलो, ताई. हौस नव्हती ती."

मी फोन बद्रीनाथकडं दिला. अग्नी त्यानंच दिला. बिरू फोनवर होता म्हणे. कुणीतरी चितेकडं फोन धरला होता. मी बघितलं नाही.

२९ जानेवारी

दहावा झाला. पिशोरहून परत आले. कावळा लवकर शिवेना. बद्रीनाथनं मोठ्यानं सांगितलं, "काका, बिरूला आणतो. माझा शब्द." तेव्हा शिवला. लोक म्हणाले, पोरात जीव अडकला होता.

घरी आल्यावर मागची पानं वाचली. सगळं मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात. भरीत परत एकदा सांग म्हणाला, तेही लिहिलंय, आणि पुढं मला हसू आलं असंही लिहिलंय. अंगणवाडीत लेकराचा दंड मोजून मी एका नजरेत सांगायचे की याला घरी खायला मिळत नाही. त्या कामाबद्दल माझा सत्कार झाला होता.

११ फेब्रुवारी

बद्रीनाथ मेंढरं दुसऱ्यावर सोपवून शहरात येऊन राहिलाय. रोज कुठल्या ना कुठल्या कचेरीत जातो. आज दोघं गेलो. साहेब चांगला होता, त्यानं तिकडच्या वकिलातीत फोन लावून दिला. एवढंच कळलं की आठहीजणांची नावं पोहोचली आहेत आणि पासपोर्टाऐवजी चालेल असा कागद करून देतील.

संध्याकाळी बिरूशी बोलले. आता तो मला माकुळाचं काही सांगत नाही. मीच विचारलं, "आज घावलं का?"

"दोन."

"आठजणांत?"

"व्हय."

खरं बोलायला लागल्यापासून आमचे फोन लई लहान होतात.

३ मार्च

बिरू आला.

मुंबईहून रेल्वेनं. बद्रीनाथ स्टेशनवर गेला होता. मी दारात उभी होते, रिक्षातून बद्रीनाथ उतरला आणि त्याच्यामागं एक उन्हानं काळा पडलेला माणूस. मी त्या माणसाच्या मागं बिरूला शोधत होते.

भाकर-तुकडा ओवाळला. त्यानं आधी खाटेकडं बघितलं. मग गच्चीच्या जिन्यापाशी जाऊन पहिल्या पायरीवर बसला, आणि तिथं रडला. तो जिन्यापाशीच का बसला, ते तेव्हा कळलं नाही.

६ मार्च

आज कळलं.

सकाळी चहा देताना मी म्हणाले, "तुझ्या बाबांना हे काही न कळता ते गेले, एवढंच बरं झालं. माझ्यासारखं झालं असतं तर त्यांना सोसलं नसतं."

त्यानं कप खाली ठेवला. "माय, बाबांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सगळं. दिवाळीपासून. फोनवर माझा शर्ट बघितला ना, दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी फोन लावला. म्हणले, बिरू, खरं सांग, किती दिस झाले जेवून? मला खोटं बोलता आलं नाय. मंग रोजच बोलायचो. तू दुधाला गेलीस की."

म्हणजे गच्ची. म्हणजे बद्रीनाथ नव्हता.

"त्यांना तर समुद्र ठाऊक नाही. काय बोलायचे रोज?"

"पहिल्यांदा मला एखादंच घावायचं. मी घाई करायचो. भूक लागली की माणूस सारखे झटके देतो. बाबा म्हणले, रानात चुकलेल्या मेंढराला हाका मारत धावलं की ते अजून लांब पळतं, बसून राहिलं की येतं. तू हात थांबव. मंग घावायला लागलं. वारं पाठीला घे, दमला तर दुसऱ्याच्या हातात काठी दे, हे बी तेच सांगायचे. मी तुला जे सांगायचो त्यातलं अर्धं त्यांचंच होतं."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"बाबांनी शपथ घातली होती. म्हणले, तुझी माय माझ्या काळजीनं अर्धी झालीय. तिला दोन्ही ठिकाणी मरू देऊ नको."

मी विचारलं, "माझ्या काळजीनं म्हणजे? त्यांना त्यांच्या दुखण्याचं कुठं माहीत होतं?"

बिरूनं तेही सांगून टाकलं. त्यांना सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. डॉक्टर मला बाजूला नेऊन बोलले ते त्यांनी ऐकलं होतं, आणि बिरूला सांगितलंही होतं. मला वाटायचं, मी दोघांना सांभाळते. दोघं मिळून मला सांभाळत होते.

मला लई राग आला. त्यांचा आला. रागवायला ते नाहीत, म्हणून बिरूला बोलले. घरातून मला बाहेर ठेवलं तुम्ही, म्हणाले. दूध आणायला पाठवून घर चालवलं. तो ऐकून घेत होता. दुपारी मी जेवले नाही, तोही जेवला नाही. संध्याकाळी तो येऊन पायाशी बसला. म्हणाला, "माय, इथून पुढं नाय. चांगलं असो, वाईट असो, जे असेल ते सांगायचं."

मी म्हणाले, "मीही." ठरलं.

७ मार्च

आज बिरू शहानूरवाडीकडं एका ग्रिलच्या दुकानात काम विचारून आला. सोमवारपासून ये म्हणाले. संध्याकाळी दोघं गच्चीवर बसलो. ह्यांच्या जाण्यानंतर मी पहिल्यांदाच वर गेले. कोपऱ्यात त्यांचं पोतं अंथरलेलं तसंच होतं, त्यावर धूळ.

बिरू स्वतःहूनच बोलला. "शेवटच्या सकाळी बाबांशी मी खोटं बोललो, माय. चार दिवस वारं होतं, पाणी गढूळ, काहीच घावलं नव्हतं. मशिदीचा तांदूळ बी संपला होता. त्यांनी विचारलं, रात्री काय खाल्लं? मी म्हणलं, लई घावली काल, आठजणांना पुरून उरली. ते म्हणले, बरं झालं. पोटभर खात जा. अन् फोन ठेवला."

खाली रस्त्यावर भाजीचा गाडीवाला ओरडत गेला. तो लांब जाईपर्यंत बिरू थांबला.

"त्यांना खरं वाटलं असेल का?"

मी पोत्यावरची धूळ झटकली.

"उतरल्यावर जेवले होते का ते?"

त्या दिवशी गच्चीवरून उतरल्यावर मी त्यांच्यापुढं ताट ठेवलं होतं. ज्वारीची भाकर, मेथी. त्यांनी ताटाकडं बघितलं, हातानं हळूच माझ्याकडं सारलं, आणि म्हणाले, "आज नको. पोराकडं वारं सुटलंय." मला वाटलं, धापेनं बरळतात. मी ताट उचलून ओट्यावर ठेवलं आणि दार उघडायला गेले. हे मी २४ तारखेला लिहिलं नव्हतं. त्यात लिहिण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलं नाही.

बिरू माझ्या तोंडाकडं बघत होता. कालच आमचं ठरलं होतं.

"व्हय," मी म्हणाले. "दीड भाकर खाल्ली. वर मेथी मागून घेतली."

त्यानं मान हलवली. त्याचे खांदे खाली आले. अंधार पडायच्या आत आम्ही उतरलो.